तारेखालचं झाड : लावणारं खातं वेगळं, तोडणारं वेगळं

मे महिना लागला की कुसगाव, डोंगरगाव, औंढे, वाकसई या पट्ट्यात दोन प्रकारची माणसं एकाच रस्त्याने फिरताना दिसतात. एक महावितरणची, लांब काठीला कोयता बांधून तारेला लागलेल्या फांद्या पाडणारी. दुसरी जून-जुलैतल्या वृक्षारोपणासाठी त्याच रस्त्याच्या कडेला खड्डे आखणारी. दोघांची गाठ पडत नाही, कारण दोघांचे साहेब वेगळे, बजेट वेगळं आणि रजिस्टरही वेगळं. मग व्हॉट्सॲपवर दरवर्षीचं भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो, झाडांची कत्तल चाललीय. दुसरा म्हणतो, लाइट गेली की मग बोंबलू नका. या दोन्ही गटांत माझे मित्र आहेत आणि दोन्ही गट खरं बोलतात. पण मूळ प्रश्न कुणीच विचारत नाही: तारेखाली ते झाड लावलं कुणी, आणि तेच का लावलं? याचं उत्तर चाळीस-पन्नास वर्षं मागे जातं. काही धागे तर शंभर वर्षांच्याही मागे. पोस्ट मोठी होणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी मावळाचं एक वैशिष्ट्य लक्षात घेऊ. आपल्याकडून सगळं 'जातं'. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर आली आणि मुंबई-पुणं जोडलं गेलं. १९११ साली लोणावळ्याच्या धरणाचा पाया घातला गेला आणि १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज सुरू झाली. पाणी आपल्या डोक्यावरचं, वळवण-लोणावळा-शिरोता तलावांतलं. ते नळातून घाटाखाली गेलं, त्याची वीज झाली आणि ती मनोऱ्यांवरून परळला पोचली. मुळशीच्या लोकांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ ते १९२४ लढा दिला तोही याच साखळीतल्या पुढच्या धरणासाठी. १९२९ साली कल्याण-पुणे रेल्वे विजेवर आली, म्हणजे रुळांच्या वरही तार आली. वीज मंडळ स्थापन झालं १९६० साली, आणि मावळातल्या बहुतेक वाड्यांवर दिवा लागला तो त्याच्याही नंतर. म्हणजे आधी कित्येक दशकं तारा बघितल्या, मग बल्ब बघितला. पुढे २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आता मिसिंग लिंकचं पुण्याकडचं टोक आपल्याच कुसगावात येऊन टेकलंय. पवनेच्या बंदिस्त जलवाहिनीचं काय झालं ते ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ अख्ख्या महाराष्ट्राने बघितलं. तीन जीव गेले. मावळात 'वाहिनी' हा शब्द हलका नाही.

रूळ, तार, रस्ता, नळ. यातल्या प्रत्येकाबरोबर जमिनीचा एक लांबच लांब पट्टा येतो. पट्ट्यातली जमीन कधी सरकारची असते, कधी आपलीच असते, पण तिथं काय उगवू द्यायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. विजेच्या बाबतीत हे ठरवणारा कायदा फार जुना आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे.

१९१० च्या भारतीय वीज कायद्यात कलम १८ होतं. तारेजवळच्या झाडामुळे वीजपुरवठ्याला अडथळा होत असेल तर कंपनीच्या अर्जावरून मॅजिस्ट्रेट ते झाड काढायला लावू शकत असे. त्याच्याही आधी १८८५ च्या तार कायद्यात अशीच तरतूद होती. १९१० च्या कायद्याने खाली एक स्पष्टीकरण जोडलं : या कलमापुरतं 'झाड' म्हणजे झुडूप, कुंपण, रान आणि इतर कोणतीही वनस्पती. म्हणजे वडही झाड, करवंदीची जाळीही झाड, आणि मेंदीचं कुंपणही झाड. गंमत म्हणजे २००३ साली नवा वीज कायदा आला, जुना रद्द झाला, पण हे स्पष्टीकरण कलम ६८ मध्ये जसंच्या तसं येऊन बसलं. त्र्याण्णव वर्षांत तारेच्या नजरेने झाडाझाडांत काही फरक पडला नाही.

याच कलमातली दुसरी गोष्ट शेतकऱ्यांनी डोक्यात ठेवावी. तार येण्याआधीपासून उभं असलेलं झाड तोडलं तर भरपाई द्यावी लागते. तार आल्यानंतर उगवलेल्या किंवा लावलेल्या झाडाला हे कलम भरपाई देत नाही. बांधावरचा जुना आंबा आणि गेल्या पाच वर्षांत लावलेली निलगिरी, या दोघांचा या कलमापुढे दर्जा वेगळा आहे. आंबा जुना असेल तर तो जुना आहे हे दाखवता आलं पाहिजे. झाडाची नोंद सातबारावर नसते म्हणून पुढे किती खेटे घालावे लागतात, ते ज्यांच्या रानातून मनोरे गेलेत त्यांना विचारा.

आता लावणाऱ्यांकडे वळू.

१९७० च्या दशकात जगभर सरपणाच्या टंचाईची चर्चा होती. खेड्यातली बाई मैलोनमैल लाकडासाठी चालते, शेण खत म्हणून रानात जाण्याऐवजी चुलीत जातं, हे खरंच होतं. आपल्या राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये सांगितलं की लोकांच्या गरजेची झाडं जंगलाबाहेर वाढवा : गायरानात, बांधावर आणि रस्ते, कालवे, रेल्वे यांच्या कडेच्या पट्ट्यांत. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचं वेगळं खातं निघालं. अमेरिकेच्या मदत संस्थेचा पैसाही आला. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतली रोपं शाळाशाळांतून वाटली गेली, ती आमच्या पिढीला आठवत असतील.

हेतू चांगला होता. यावर मी वाद घालणार नाही. पण मोजमाप कशाचं होणार होतं? किती रोपं लावली आणि त्यातली किती जगली. पहिली काही वर्षं निगा, मग पट्टा ग्रामपंचायतीच्या गळ्यात. अशा हिशोबात कुठलं झाड निवडणार? जे लवकर दिसेल ते. ऐन, हिरडा, जांभूळ तीन वर्षांत कमरेला लागेल न लागेल. निलगिरी तेवढ्यात घराच्या वर जाते. जी झाडं गुरं खात नाहीत ती त्याहून बरी, कारण कुंपणाचा खर्च वाचतो. निलगिरी, काशीद, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प ही सगळी नावं त्या कसोटीतून पुढे आली. आणि सुबाबूळ, जी गुरं खातात, पण तिची कथा वेगळीच आहे.

सुबाबूळ मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची. आपल्याकडे तिची जुनी झुडपी जात होतीच, तिला कुबाबूळ म्हणत. हवाई विद्यापीठात जेम्स ब्रूबेकर यांनी तिच्या उंच, सरळ वाढणाऱ्या जाती निवडल्या, के-८ वगैरे. त्यांचं बी आपल्या पुणे जिल्ह्यातच, उरुळीकांचनला 'बाएफ'मध्ये आलं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली ही संस्था. संकरित गायींसाठी चारा हवा होता, आणि सुबाबळीच्या पाल्यात प्रथिनं भरपूर. कुचं सु झालं. १९७७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या एका झाडावर आख्खं पुस्तक काढलं. चारा, सरपण, कागदाचा लगदा, जमिनीत नत्र, सगळं एकाच झाडात. चांगल्या जमिनीत सुरुवातीला वर्षाला तीन-चार मीटर उंची. बाएफच्या कामामुळे कोरडवाहू भागातल्या कित्येक घरांत दूध आलं, हेही तितकंच खरं. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तो उगाच मिळाला नव्हता.

मग १९८८ मध्ये भारतात एक बारीक उडी मारणारी कीड आली, सुबाबळीचे कोवळे शेंडे शोषणारी. मूळ देशातून निघून प्रशांत महासागरातली बेटं ओलांडत ती इथं पोचली होती. बऱ्याच ठिकाणी सुबाबूळ एका हंगामात झडली. पुढे नैसर्गिक शत्रूंमुळे कीड आटोक्यात आली, पण 'चमत्कारी झाड' हा शब्द त्यानंतर कमी ऐकू आला. आज जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या प्रजातींच्या यादीत सुबाबळीचं नाव आहे. पन्नास वर्षांत चमत्कार ते उपद्रव.

आपल्या घाटमाथ्यावर चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जमीन धुपलेली, आंबट. सुबाबळीला ती फारशी मानवत नाही. इथं जोर केला तो गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभळीने. गिरिपुष्पाला लोक उंदीरमारी म्हणतात, कारण त्याची साल-बी धान्यात कालवून उंदीर मारायला वापरतात. फांदी खोचली तरी लागतं. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं, फोटो छान येतात.

निलगिरीचा मार्ग आणखी वेगळा. ती शेतकऱ्याने स्वतःहून लावली. १९८० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात विनायकराव पाटलांच्या पुढाकाराने निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली, बांधकामाच्या बल्ल्या म्हणून माल जाऊ लागला, आणि नंतर सगळ्यांचाच माल एकदम बाजारात आल्यावर भाव पडले. पण शेतकरी निलगिरीकडे का वळला याचं एक कारण कायद्यात आहे. १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत कायद्याच्या अनुसूचीत साग, हिरडा, ऐन, आंबा, फणस, जांभूळ, खैर, बिजा, किंजळ अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या रानात असली तरी तोडायला परवानगी लागते. निलगिरी, सुबाबूळ त्या यादीत नाहीत. म्हणजे देशी झाड वाचवायला केलेल्या कायद्याने शेतकऱ्याला सांगितलं : देशी झाड लावशील तर उद्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवशील. शेतकरी शहाणा असतो. त्याने परदेशी लावलं.

अशी वेगात वाढणारी झाडं, आणि त्यांना मोकळी जागा कुठं? रस्त्याच्या कडेला. आणि विजेचे खांब कुठं? तिथंच. कारण दोघांनाही फुकटची सरळ जागा हवी होती.

इथं थोडं तांत्रिक सांगतो, नाहीतर छाटणीवाल्यांवर अन्याय होईल. तार एका उंचीवर स्थिर नसते. उन्हाने आणि वाहणाऱ्या विजेने ती तापते, तापली की लांबते आणि मध्ये झोळ खाली येतो. थंडीत जी फांदी तारेपासून सुरक्षित दिसते ती मेच्या दुपारी नसते. वाऱ्यात तार आणि फांदी दोन्ही झुलतात. उच्चदाबाच्या तारेला फांदीचा स्पर्शही व्हायची गरज नाही, ठिणगी मधलं अंतर उडी मारून जाते. म्हणून जंगलातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत : १३२ केव्ही वाहिनीखाली २७ मीटर रुंदीचा पट्टा, २२० केव्हीला ३५ मीटर. झाड आणि तार यांच्यात अनुक्रमे किमान ४ आणि ४.६ मीटर अंतर. गावातल्या ११ केव्ही तारेलाही २.६ मीटर लागतं.

हे अंतर न पाळल्याने काय होतं याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याकडचा नाही. १४ ऑगस्ट २००३, अमेरिकेतलं ओहायो राज्य, उन्हाळ्यातली दुपार. ३४५ केव्हीच्या तारा खाली झुकल्या आणि पट्ट्यात वाढू दिलेल्या झाडांना लागल्या. एक वाहिनी बंद पडली, भार दुसऱ्यावर गेला, ती झुकली, तीही झाडाला लागली. नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नेमकी बंद पडलेली. न्यूयॉर्कपासून कॅनडातल्या टोरांटोपर्यंत सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्यानंतर तिथं तारेखालच्या झाडोऱ्यासाठी सक्तीचे नियम आले.

आपल्याकडे असा एकच मोठा अंधार नाही, छोटे छोटे पुष्कळ आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ कोकणातून वर चढलं तेव्हा मावळात झाडं आणि खांब एकमेकांच्या अंगावर पडले, पॉलिहाऊस फाटली, कित्येक वाड्या दिवसच्या दिवस अंधारात होत्या. वेगात वाढणाऱ्या झाडाचं लाकूड बहुधा ठिसूळ. ऑस्ट्रेलियन बाभळीची मुळं वरवर पसरतात, भिजलेल्या मुरमात ती वाऱ्याला टिकत नाहीत. पावसात खांबावर चढून हे निस्तरणारा लाइनमनही आपल्यातल्याच कुणाचा तरी मुलगा असतो.

पण मग दरवर्षी छाटूनही हे संपत का नाही? कारण छाटल्यानेच ते वाढतं. निलगिरी, सुबाबूळ, गिरिपुष्प यांचा बुंधा कापला की खुंटातून एकाच्या जागी पाच-सात धुमारे फुटतात. मुळं जुनी, खोल, अन्नाने भरलेली. वर मात्र कोवळे कोंब. त्यामुळे कोंब मूळ झाडाहूनही वेगाने वर जातात. दोन पावसाळ्यांत परत तारेला. आणि हे धुमारे बुंध्याच्या सालीजवळून निघतात, आत लाकडात त्यांची पकड कमी असते. जाड झाले की वाऱ्याने सोलून निघतात. म्हणजे आपण एका धोक्याचे पाच करतो, आणि त्याचं बिल दरवर्षी भरतो.

ही गोष्ट अभ्यासून सांगणारं सर्वांत जुनं काम पेनसिल्व्हेनियातलं आहे, आणि त्याची सुरुवात मला फार आवडते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं जंगलातून एक मोठी वाहिनी गेली. तिच्या खाली झाडं मारायला औषध मारणार म्हटल्यावर शिकारी चिडले, आमची हरणं, ससे मरतील म्हणून. त्यांच्या शंकेला उत्तर द्यायला १९५३ साली विल्यम ब्रॅम्बल आणि विल्यम बर्न्स यांनी त्या वाहिनीखाली वेगवेगळे तुकडे आखले. कुठं नुसतं कापायचं, कुठं सरसकट फवारायचं, कुठं फक्त उंच होणारी झाडं निवडून मारायची आणि झुडपं तशीच ठेवायची. तो प्रयोग त्या दोघांच्याही पलीकडे चालू राहिला, सत्तर वर्षं होऊन गेली. निघालं असं की नुसतं कापलेल्या तुकड्यांत झाडांचे कोंब जास्त होतात. पण झुडूप, गवत, औषधी यांचं दाट आच्छादन एकदा बसलं की ते झाडाच्या रोपट्याला वर येऊ देत नाही. सावली, मुळांची गर्दी, बिया खाणारे उंदीर, सगळं मिळून. म्हणजे तारेखाली मोकळी जमीन ठेवणं ही चूक. मोकळी जमीन झाडाला आमंत्रण देते. तारेच्या बरोबर खाली बुटकं आच्छादन, दोन्ही कडांना झुडपं आणि लहान झाडं, त्याच्या बाहेर मोठी, असा त्यांचा आडवा छेद. हरणांनाही तो आवडला, शिकाऱ्यांनाही.

त्यांच्या कामात तणनाशक होतं, ते मात्र आपण उचलू नये असं माझं मत आहे. इथं त्याच पट्ट्यात गुरं चरतात, त्याच उताराचं पाणी विहिरीत आणि तलावात जातं.

आणि आपल्याला ते उचलायची गरजही नाही, कारण मावळाकडे कोयता आहे. इथं मी राबाकडे येतो.

तरुण मुलांसाठी सांगतो. भाताचं रोप टाकायच्या जागेवर, म्हणजे दाढीवर, शेणकूट, त्यावर झाडाच्या वाळलेल्या फांद्या आणि टहाळ, त्यावर गवत-पाचोळा आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्यात ते भाजायचे. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. तो राब. त्यासाठी हिवाळ्यात ऐन, किंजळ अशा झाडांवर चढून फांद्या तोडायच्या. दरवर्षी, त्याच झाडाच्या, जवळपास त्याच जागेवरून. जुन्या बांधांवर तुम्हाला सरळ सोट आणि डोक्यावर झुपका असे ऐन दिसतील, ते राबाचे.

इंग्रज वनखात्याला राब डोळ्यांत खुपायचा. जंगलाची नासाडी म्हणून त्यांनी फांद्या तोडण्यावर बंधनं आणली, लोक खवळले, आणि घाटाखाली ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत तर प्रकरण इतकं तापलं की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाचा हक्क हा मोठा विषय होता. पुढे १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. व्होल्कर यांच्या शेती अहवालातही राब आहे. राब निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पाला जाळून नत्र वाया जातं, सतत छाटलेलं झाड बी धरत नाही. पण त्यात एक कसब होतं, ज्याकडे वनखात्याने नासाडी म्हणून बघितलं आणि वीजखात्याने तर बघितलंच नाही : झाड न मारता त्याची उंची पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी धरून ठेवणं. फांदी मनगटाएवढी व्हायच्या आत काढायची, दरवर्षी काढायची आणि त्याच गाठीवरून काढायची. जखम लहान राहते, भरून येते, बुंधा कुजत नाही. ठेकेदाराचा माणूस दोन-तीन वर्षांनी येऊन हाताला येईल तिथून मांडीएवढी फांदी पाडतो, तिथं पाणी मुरतं, आणि पाच वर्षांनी ते झाड आतून पोकळ असतं.

गिरिपुष्पाचंही तसंच बघा. भाताच्या बांधावर गिरिपुष्प हे फार कामाचं झाड आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला खाचरात चिखलणीआधी घालायचा हे एक सूत्रच आहे. तिथं दर आवणीआधी कोयता लागतो, झाड कंबरेएवढं राहतं, युरिया वाचतो. तेच झाड खांबाखाली लावून सोडून दिलं की डोकेदुखी. बांधावर त्याला मालक आहे, रस्त्याकडेला नाही, एवढाच फरक.

आता कुसगावाबद्दल मुद्द्याचं बोलतो.

द्रुतगती मार्गाचा दुभाजक बघा. तिथं कण्हेर आणि बोगनवेल आहे. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यावर येऊ नये एवढीच उंची हवी, म्हणून झुडपं लावली. दुभाजकात कुणी गुलमोहर लावत नाही. म्हणजे जागा बघून झाड निवडायची अक्कल सरकारी कामात आहे. ती दुभाजकावरून रस्त्याच्या कडेला खांबांपर्यंत यायला हवी, इतकंच.

आणि आपल्याकडे बुटक्या झाडोऱ्याची काय कमी आहे? करवंद, धायटी, अडुळसा, निरगुडी, मुरुडशेंग, दिंडा, तोरण, अंजनी. उतारावर कारवी. यातलं बरंचसं लावावंही लागत नाही, वणवा थांबवला आणि जेसीबीने कड खरवडणं थांबवलं की आपोआप येतं. करवंद-तोरणं विकून लोणावळ्याच्या स्टेशनवर किती बायांचं घर उन्हाळ्यात चालतं ते वेगळं सांगायला नको. तारेपासून थोडं लांब, कडेला, गेळा, आळू, कुडा अशी लहान झाडं. वड, पिंपळ, जांभूळ, आंबा, ऐन यांना तारेपासून पुरेशी लांबची जागा, देवराईजवळ, शाळेच्या मागे, गायरानात. जिथं जुनं मोठं झाड आधीच तारेत आहे, गावराईत किंवा देवळापाशी, तिथं झाड हलवण्यापेक्षा तार बदलायची. उघड्या तारांऐवजी आवरण असलेली जुडगा केबल टाकता येते, ती महावितरण वापरतंही. महाग पडते, पण दरवर्षीची छाटणी आणि दरवर्षीचा अंधारही फुकट नसतो.

माझी ग्रामसभेत मांडायची मागणी तीन ओळींची आहे. रस्त्याकडेला रोप लावण्याआधी यादी महावितरणच्या शाखा अभियंत्यांना दाखवावी आणि त्यांचा शेरा घ्यावा. तारेखाली पाच मीटरच्या वर जाणारं रोप लावू नये, मग ते कुणाच्याही वाढदिवसाचं असो. छाटणीचं काम बाहेरच्या ठेकेदाराऐवजी गावातल्या माहितगार माणसांना द्यावं, लाइन बंद करून, लाइनमनच्या देखरेखीखाली, आणि पाला-फांद्या त्यांच्याच. तिसरी मागणी ऐकून एक अधिकारी हसले आणि म्हणाले की झाडावर चढणारा माणूस आता मिळतो कुठं? प्रश्न बरोबर आहे. राब बंद होत चाललाय, यंत्राने आवणी आली, आणि ऐनावर चढणारे साठीच्या पुढचे आहेत. म्हणून घाई आहे.

२०१६ ते २०१९ मध्ये राज्याने दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी अशा आकड्यांनी रोपं लावली. आकड्यांचा तो उत्साह अजून उतरलेला नाही, आता त्यात बांबूची भर पडलीय. २०१७ मध्ये केंद्राने जंगलाबाहेरच्या बांबूला 'झाड' या व्याख्येतून बाहेर काढलं, त्यामुळे तोडायला परवाना लागत नाही. शेतकऱ्याला ते चांगलंच. पण वीज कायद्यातलं ते जुनं स्पष्टीकरण आठवा : तारेच्या हिशोबात बांबूही झाडच. आणि एका पावसाळ्यात बांबूचा कोंब किती वर जातो ते सगळ्यांनी बघितलंय. गेल्या वर्षी आपल्या शिवारात दोन ठिकाणी तो थेट ११ केव्हीच्या खाली लावलेला आहे. जागा मी इथं लिहीत नाही, लावणाऱ्यांशी बोललोय, ते पावसाळ्याआधी कंद हलवायला तयार आहेत. मदतीला चार माणसं आणि एक टेम्पो लागेल.

आणि ज्यांच्या बांधावर राबाचे जुने ऐन अजून उभे आहेत, त्यांनी मला एक फोटो पाठवा. सोबत त्यावर शेवटचा कोयता कोणत्या साली लागला आणि कुणी लावला तेही लिहा.